तुम्ही विचारलंत म्हणून: पोराबाळांना घेऊन हॉट रॉडमधून?

लॉस एंजेलिसमध्ये दर गणपतीत कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "घरात लहान मुलं असताना हॉट रॉड कशाला बांधलीत? आणि बांधायचीच होती, तर निदान आतून तरी नव्या धर्तीची का नाही केलीत?" पुण्याच्या मावशीचा प्रश्न आणखी थेट असतो, "नव्वद वर्षांच्या गाडीत पोरांना बसवतेस?" विचारणाऱ्यांच्या पोटात काळजी असते, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी ही काय वस्तू आहे ते. 1930च्या दशकात इथली, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातली, तरुण पोरं स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड वगैरे उतरवून वजन घटवायची, इंजिनावर मेहनत करायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर पळवायची. त्या शर्यतींना शिस्त लागावी म्हणून 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. 'जुन्या पद्धतीची' हॉट रॉड बांधायची म्हणजे त्या किंवा त्यानंतरच्या दशकांतलं एक साल ठरवायचं आणि त्या सालापर्यंत जे मिळत होतं त्यातूनच गाडी उभी करायची. आमचं साल 1952. गाडी 1931ची फोर्ड मॉडेल ए ट्यूडर, म्हणजे दोन दारांची सेदान. इंजिन नंतरच्या फोर्डचं, 239 घनइंची फ्लॅटहेड व्ही-8, म्हणजे झडपा ब्लॉकमध्येच असलेलं आठ सिलिंडरांचं. मूळ चार सिलिंडरांचं इंजिन 40 अश्वशक्तीचं होतं, हे 100चं. गाडीचं वजन हजार-अकराशे किलो, तेव्हा ती कशी उचलत असेल याचा अंदाज करा.

सेदान का, तर आम्ही पाच माणसं. नवरा, मी, दोन मुलं आणि सहा महिने आमच्याकडे असणारी माझी आई. हॉट रॉड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन माणसांची उघडी रोडस्टर येते. सुरुवातीच्या शर्यतींतही तिचाच मान होता, बंद टपाच्या गाड्यांना जागा नव्हती. पण दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांची लग्नं झाली, पाळणे हलले आणि तीच माणसं पुढे कूपे, सेदान बांधायला लागली. त्यामुळे सहकुटुंब हॉट रॉड ही मी काढलेली नवी टूम आहे असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. चारचौघांना घेऊन निघता येत नसेल, तर इतकी मेहनत कुणासाठी करायची?

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते.

मॉडेल एची पेट्रोलची टाकी कुठे असते माहीत आहे? समोरच्या काचेच्या खाली, डॅशबोर्डमागे, पुढे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांच्या वर. पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरमध्ये जावं म्हणून ती उंचावर ठेवलेली. त्या काळाच्या मानाने हुशारीच, पण माझी आई पुढे बसते. तिच्या मांडीवर चाळीस लिटर पेट्रोल ठेवून मी गाडी चालवणार नाही. टाकीचं कवच पुढच्या पत्र्याच्या बांधणीचाच भाग आहे, म्हणून ते जागेवर ठेवलं आणि खालून कापून त्यात वायरिंग आणि फ्यूज बसवले. (कुणी करणार असाल तर जुनी टाकी कापण्याआधी पाण्याने भरून घ्या. कितीही वर्षं रिकामी असली तरी आत उरलेली वाफ ठिणगीने पेटते.) नवी टाकी मागे, चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये. फ्लॅटहेडला त्याचा स्वतःचा यांत्रिक पंप असतो, त्यामुळे तेवढ्यासाठी परका भाग घ्यावा लागला नाही.

ब्रेक. मॉडेल एचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जायचे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते 1939च्या मॉडेलपासून, आणि हॉट रॉडवाल्यांनी ते लगेच भंगारातून उचलून जुन्या गाड्यांना लावले. वेगाबरोबर थांबण्याचाही विचार त्यांनी पहिल्यापासून केला होता, हे लोक विसरतात. आम्ही फोर्ड एफ-1 पिकअपचे ड्रम घेतले, कारण त्यांचे लायनर चाकाच्या फिरण्याने आपसूकच ड्रमला जास्त घट्ट धरतात. हे ड्रम आमच्या सालात बसतात. मास्टर सिलिंडर, म्हणजे पाय दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, मात्र बसत नाही. तेव्हाचा एकेरी होता, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. आम्ही दुहेरी लावला, तोही फरशीखाली, जिथे कुणाची नजर जात नाही. दिसत असता तरी लावलाच असता. ज्या जागी माणसाचा जीव येतो त्या जागी साल मोडायचं, हे घरात बसून आधीच ठरवलं होतं.

सीटबेल्टच्या पट्ट्यांचं काम सगळ्यात किचकट. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालचं मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीतच बसवावं लागतं, आणि बूस्टरला (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीला) नुसता कमरेचा पट्टा चालत नाही, खांद्यावरून येणारा लागतो. तो अडकवायचा कुठे? या गाडीच्या दारामागचा खांब म्हणजे पत्रा आणि लाकूड. अपघातात पट्ट्याला बसणारा हिसका तो पेलणार नाही. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना पिंजरे बांधून देणाऱ्या एका अनुभवी वेल्डरकडून चासीपासून वरपर्यंत पोलादी नळ्यांचा सांगाडा करून घेतला आणि पट्टे त्याला अडकवले. वरून गादीकाम झाल्यावर फक्त पट्टे दिसतात. प्रदर्शनांत काही जुने जाणकार ते पाहून नाक मुरडतात. मुरडू देत.

टप आम्ही कापला नाही. टप कापून बुटका केलेली सेदान देखणी दिसते, मलाही आवडते. पण बूस्टरवर बसलेल्या मुलाच्या डोक्यावर जागा हवी आणि त्याला खिडकीतून बाहेरचं दिसायला हवं. मडगार्ड आणि पायदानही ठेवलं. पायदान नसतं तर नऊवारीतल्या माझ्या आईने आत पाय कुठून टाकला असता? टायर मात्र रेडियल आहेत, दिसायला जुन्या धाटणीचे. जुने तिरक्या धाग्यांचे (बायस-प्लाय) टायर रस्त्यावरच्या चरांमागे पळतात आणि स्टिअरिंगशी झुंज घ्यायला लावतात.

फ्लॅटहेडचं तापणं खरं आहे. त्यात जळालेला वायू थेट बाहेर पडत नाही, ब्लॉकच्या आतून वळसा घेऊन बाजूने निघतो आणि जाता जाता पाणी तापवतो. मोठा रेडिएटर आणि पंख्याभोवती पत्र्याचं कडं केल्यावर आमची आता सिग्नलला शांत उभी राहते. एक्झॉस्टचा पाइप दाराखालीच संपवायची फॅशन होती, आम्ही तो पार मागच्या बंपरपर्यंत नेला आणि फरशीची, पुढच्या पत्र्याची सगळी भोकं बुजवली. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. मुलं मागे झोपली आहेत असं आपण समजत राहतो. या एका बाबतीत कुणी घाई करू नये, एवढं कळकळीने सांगते.

रंग, गाद्या, आरसे यांवर लिहिण्यासारखं काही नाही. हौसेप्रमाणे करावं.

एवढं करूनही ही गाडी नव्या गाडीइतकी सुरक्षित नाही. एअरबॅग नाहीत, धडक स्वतःवर घेऊन चुरगळणारा पुढचा भाग नाही. म्हणून आम्ही तिला सकाळच्या गर्दीत 405 महामार्गावर नेत नाही, रात्री लांबच्या प्रवासाला नेत नाही. रविवारी सकाळी समुद्राकाठच्या रस्त्याने, कधी कॅलाबासासच्या मालिबू हिंदू मंदिरात, कधी नुसतं वाण्याकडे. मावशीला मी हेच सांगते: बसवते, पण कुठे आणि कधी ते ठरवून.

राहिला प्रश्न नव्या धर्तीचा. आजचं कॉम्प्युटरवालं इंजिन बसवणं सोपं होतं, कमी तापलंही असतं. पण या गाडीचं बॉनेट उघडलं की माझ्या आठ वर्षांच्या मुलीला पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते, पाणी कुठून फिरतं हे बोटाने दाखवता येतं. प्लग काढून त्याचा रंग पाहून मिश्रणात पेट्रोल जास्त आहे का कमी, हे ती सांगते. तिचा बाप आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमधले, आमचं काम तिला असं बोट लावून दाखवता येत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर पोमोनाच्या स्वॅप मीटला (जुन्या गाड्या आणि सुट्या भागांच्या बाजाराला) सगळ्या घराला घेऊन जा आणि एखाद्या उभ्या गाडीत मालकाला विचारून सगळे एकदम बसून बघा. ट्यूडरमध्ये मागे जायला पुढची सीट वाकवावी लागते, म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. आमची आई म्हणूनच पुढे बसते. घरात दोन वयस्क माणसं असतील तर चार दारांची फोर्डोर बघा. हॉट रॉडवाले दोन दारांवर भाळलेले असतात, त्यामुळे चार दारांची बरीच स्वस्त मिळते.