तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांना सगळं दिसत होतं, मग सांगितलं का नाही?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात राहून अमेरिकेला बातम्या पाठवणाऱ्या बातमीदारांचा मला नाद आहे. नोकरी मराठी दैनिकाच्या परदेश डेस्कवर, दुसऱ्यांनी पाठवलेल्या मजकुराला कात्री लावण्यात गेली, त्यातूनच तो लागला असावा. या मंडळींवर कुठे बोललो की शेवटी हमखास एक प्रश्न येतो: ‘एवढी माणसं बर्लिनमध्ये, व्हिएन्नात ठाण मांडून बसली होती. त्यांना सगळं दिसत होतं. मग वेळेवर सांगितलं का नाही?’ विचारणाऱ्याचा रोख निम्म्या वेळा आजच्या वाहिन्यांवर असतो, पण ते राहू दे.

सांगितलं होतं. अमेरिकन बातमीदार जॉर्ज सेल्डिसने मुसोलिनीचा विरोधक, समाजवादी खासदार मात्तेओत्ती याच्या खुनाचे धागे मुसोलिनीपर्यंत जातात असं लिहिलं आणि 1925 साली इटलीने त्याला हाकललं. ‘शिकागो डेली न्यूज’चा एडगर मावरर नाझींबद्दल इतकं स्पष्ट लिहीत होता की 1933 साली त्याला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी बर्लिन सोडावं लागलं. तो तिथल्या परदेशी बातमीदारांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. नाझींनी राजीनाम्यासाठी आकाशपाताळ एक केलं तरी तो हटला नव्हता. शेवटी अटकेतल्या एका ज्यू सहकाऱ्याच्या सुटकेसाठी त्याने खुर्ची सोडली. अमेरिकन पत्रकार डोरोथी थॉम्प्सनला ऑगस्ट 1934 मध्ये बर्लिनच्या आडलोन हॉटेलात नोटीस मिळाली, 24 तासांत देश सोडा. तिने ती नोटीस मिरवली, आणि ते योग्यच होतं.

म्हणजे बातम्या जात होत्या. पण खरं लिहिलं की माणूस बाहेर, आणि माणूस बाहेर गेला की उद्याची बातमी कोण पाठवणार? सगळा पेच इथे आहे. युद्धापूर्वीच्या बर्लिनमध्ये वर्तमानपत्रांच्या परदेशी बातमीदारांवर आगाऊ सेन्सॉर नव्हता, हे ऐकून लोक चकित होतात. फोन करा, तार करा, कोणी अडवणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तुमचा मजकूर न्यूयॉर्कहून, शिकागोहून परत बर्लिनला येणार, प्रचार मंत्रालयात कोणीतरी तो वाचणार आणि तुमच्या नावापुढे खूण करणार. सेन्सॉर बातमीदाराच्या स्वतःच्याच डोक्यात बसवून द्यायचा, म्हणजे सरकारचा पगार वाचतो. बर्लिनमधला अमेरिकन बातमीदार विल्यम शायरर याने 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर लिहिलं की खेळांच्या गावी, गार्मिशमध्ये, लावलेल्या ‘ज्यूंना मज्जाव’च्या पाट्या पाहुण्यांसाठी तात्पुरत्या काढून ठेवल्यात. जर्मन रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी त्याला खोटारडा ठरवलं. तो तडक मंत्रालयात जाऊन अधिकाऱ्याशी कडाकडा भांडला. त्या वेळी निभावलं. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही, हे दोन्ही बाजूंना कळलं होतं.

मॉस्कोत उलटी तऱ्हा. तिथे तार पाठवण्याआधीच सेन्सॉर. 1932-33 मध्ये युक्रेनमध्ये माणसं उपासमारीने मरत होती. तरुण वेल्श पत्रकार गॅरेथ जोन्स खेड्यांतून पायी फिरून आला आणि बाहेर पडून त्याने ते जगाला सांगितलं. त्याला खोटं पाडलं कोणी? सरकारने पाडलंच, पण मॉस्कोत मुक्काम टिकवून असलेल्या बातमीदारांनीही हातभार लावला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वॉल्टर ड्युरांटीने 31 मार्च 1933 रोजी छापलं की रशियन भुकेले आहेत, पण उपासमारीने मरत नाहीत. आदल्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालेलं होतं. युनायटेड प्रेसच्या यूजीन लायन्सने काही वर्षांनी कबूल केलं की जोन्सला उताणं पाडण्यात आपण सगळे सामील होतो; तेव्हा ब्रिटिश इंजिनियरांवर मॉस्कोत खटला उभा राहत होता आणि तो कव्हर करायचा तर सेन्सॉरशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. मोठ्या बातमीसाठी त्याहून मोठी बातमी गाडली. ड्युरांटीला माफ करायला मी तयार नाही. लायन्सला निदान लाज वाटली.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाकडे येतो, कारण मी त्या टोकाचा माणूस. बर्लिनमध्ये ‘टाव्हर्न’ नावाच्या इटालियन खाणावळीत परदेशी बातमीदारांचं एक राखीव टेबल असे. रात्री दहानंतर एकेक जण यायचा, पहाटेपर्यंत गप्पा. कोणाला अटक झाली, कोणत्या मंत्र्याचं कोणाशी बिनसलं, सगळं या टेबलावर फिरायचं. टेबलाचा अघोषित यजमान लंडनच्या ‘टाइम्स’चा नॉर्मन एबट. जर्मनीची आतली माहिती त्याच्याइतकी कोणाकडे नव्हती. तो शायररला खाजगीत सांगे की मी पाठवतो ते सगळं माझा पेपर छापत नाही, नाझी जर्मनीची वाईट बाजू त्यांना फार नको आहे. ही नुसती कुरकुर नव्हती. त्याचे संपादक जेफ्री डॉसन यांनी मे 1937 मध्ये आपल्या जिनिव्हाच्या बातमीदाराला पत्र लिहिलं, त्यात ते म्हणतात की जर्मनांना लागेल असं काहीही पेपरात येऊ नये म्हणून मी रोज रात्री जिवाचं रान करतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाझींनी एबटला हाकललं. संपादकाने रात्री जागून जे वाचवलं, ते तेवढंसुद्धा टिकलं नाही.

मालकांच्या आवडीनिवडीही होत्याच. ‘शिकागो ट्रिब्यून’चे कर्नल मकॉर्मिक इंग्रजांवर खार खाऊन असत. शायरर तेव्हा त्यांच्याकडे व्हिएन्नात होता. 1930 मध्ये कर्नलसाहेबांचा हुकूम आला, हिंदुस्थान गाठ. तो आला तेव्हा गांधीजी पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात. जानेवारी 1931 मध्ये ते सुटल्यावर गाठभेट झाली आणि व्हाइसरॉय आयर्विनबरोबरच्या वाटाघाटी त्याने जवळून पाहिल्या. साम्राज्याची अब्रू चव्हाट्यावर आणणारा मजकूर शिकागोत आनंदाने छापला जात होता, कारण मालकाला तो हवा होता.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर वेब मिलर. युनायटेड प्रेसचा युरोपातला जुना, मुरलेला माणूस. 21 मे 1930 रोजी धारासण्याच्या मिठागरापाशी तो हजर होता. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात. सत्याग्रही रांगेने पुढे येतात, पोलीस लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यात घालतात, कोणी हात वर करून वार अडवतसुद्धा नाही. मिलर नंतर जखमींना ठेवलं होतं त्या छपरीत गेला आणि स्वतः मोजदाद केली: 320 जखमी, त्यांतले दोन मेलेले. त्याची तार आधी अडवली गेली. त्याने आरडाओरडा केला तेव्हा सुटली आणि जगभरच्या तेराशेहून जास्त वर्तमानपत्रांत पोचली. मला या बातमीतली मोजणी आवडते. संतापलेला माणूस विशेषणं वापरतो. हा छपरीत शिरून आकडा घेऊन आला, म्हणून लंडनला त्याला नाकारता आलं नाही.

‘पण त्यांचं आयुष्य मजेत गेलं ना?’ हा उपप्रश्न असतो. गेलं की! शायरर 1925 साली कॉलेज संपवून गुरांच्या बोटीवरून, काम करत, युरोपला गेला. पैसे संपले, परतीची वेळ आली, आणि शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेली चिठ्ठी सापडली: ट्रिब्यूनच्या पॅरिस आवृत्तीत जागा आहे. आठवड्याला 15 डॉलर. शेजारच्या खुर्चीत जेम्स थर्बर, पुढे मोठा विनोदी लेखक झाला तो. काम काय, तर तारेतून आलेल्या मोजक्या शब्दांना फुगवून रकाना करायचा. दर शब्दाला पैसे पडत, म्हणून पाठवणारा शब्द गाळायचा आणि डेस्कवरचा ते परत भरायचा. थर्बर भरताना कल्पनाशक्तीला आडकाठी करत नसे. (असे सहकारी मलाही लाभले आहेत. ते विनोदी लेखक झाले नाहीत.)

पुढे दिवस पालटले. 1932 मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळात अपघात होऊन शायररचा एक डोळा गेला, त्याच वर्षी नोकरी गेली. मग रूझवेल्टने डॉलर सोन्यापासून सोडवला. एक औंस सोन्याला 20.67 डॉलर पडत, जानेवारी 1934 पासून 35 पडू लागले, म्हणजे डॉलर तेवढा हलका झाला. डॉलरमध्ये पगार घेऊन परक्या नाण्यात भाजी आणणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. त्याने ऑगस्ट 1934 मध्ये हर्स्ट कंपनीच्या वृत्तसंस्थेसाठी बर्लिनची नोकरी घेतली, ती तीन वर्षांत वृत्तसंस्थाच बंद पडून संपली. त्या आठवड्यात सीबीएस रेडिओच्या एडवर्ड मरोने त्याला आडलोनमध्ये जेवायला बोलावलं. शायररचा आवाज बारीक, रेडिओला न शोभणारा. मरोने तरीही त्याला घेतलं. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा शायरर व्हिएन्नात होता. बायको नुकती बाळंत होऊन हॉस्पिटलात अत्यवस्थ, आणि रेडिओ केंद्र नाझींच्या ताब्यात. तिला तिथेच ठेवून तो बर्लिनमार्गे विमानाने लंडनला गेला आणि तिथून बोलला. त्या निर्णयावर मी मत देत नाही. 13 मार्चच्या रविवारी, जेमतेम आठ तासांच्या तयारीवर, लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम आणि व्हिएन्नातल्या बातमीदारांचा एकत्र कार्यक्रम अमेरिकेने ऐकला. आज ज्याला आपण ‘लाइव्ह’ म्हणून डोकं उठवून घेतो, त्याची सुरुवात साधारण इथली.

युद्ध लागलं आणि रेडिओवर खराखुरा सेन्सॉर बसला, एक सोडून तीन: प्रचार मंत्रालयाचा, परराष्ट्र खात्याचा, लष्कराचा. शायरर आवाजाने सांगू लागला. सरकारी वाक्य वाचायचं आणि जरा जास्तच थांबायचं. इंग्लंडात इंग्रजी शिकलेल्या जर्मनाला कळणार नाही असा ठेठ अमेरिकन शब्द टाकायचा. मग नाझींनी अमेरिका पाहिलेले सेन्सॉर आणून बसवले. 22 जून 1940 रोजी कॉम्पिएन्याच्या जंगलात फ्रान्सने शरणागतीवर सही केली ती बातमी त्याने बर्लिनच्याही आधी अमेरिकेला दिली, पण तो अपवाद. एरवी त्याची संहिता इतकी खरवडली जाऊ लागली की बोलण्यात अर्थ उरला नाही, असं त्याचंच मत झालं.

त्याच्या छापील रोजनिशीतली एक नोंद मात्र वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मनोरुग्णांना, अपंगांना सरकार मारतंय ही कुजबुज त्याच्या कानावर आली होती. तो वर्तमानपत्रांतल्या निधनाच्या जाहिराती वाचू लागला. घरच्यांनी दिलेल्या जाहिरातींत गावं तीच ती: ग्राफेनेक, हार्टहाइम, झोननश्टाइन. अचानक मृत्यू, परस्पर दहन, फक्त रक्षा मिळाली, आम्हाला विश्वास बसत नाही. सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून लोकांनी छोट्या जाहिरातींत बातमी छापून घेतली होती. शायररने ती जोडली आणि 25 नोव्हेंबर 1940 च्या रोजनिशीत लिहिली. रेडिओवर एक अक्षर बोलता येणार नव्हतं.

तर, ‘दिसत होतं ना?’ दिसत होतं, पण प्रश्नातला ‘सगळं’ मी काढून टाकतो. थॉम्प्सनने 1931 मध्ये हिटलरची मुलाखत घेतली आणि पन्नास सेकंदांच्या आत तिची खात्री पटली की हा क्षुल्लक माणूस हुकूमशहा होणार नाही. आणि शायररची ती रोजनिशी, ‘बर्लिन डायरी’? ती 1941 मध्ये, अमेरिकेत सुखरूप पोचल्यावर छापली. मूळ कागद त्याच्या कॉलेजात जपून ठेवलेत. ते छापील पुस्तकाशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना आढळलं की बऱ्याच नोंदी मागाहून बदललेल्या आहेत, विशेषतः सुरुवातीच्या, जेव्हा हिटलरबद्दल त्याचं मत पुढे झालं तितकं कडक नव्हतं. 1941 मधल्या शहाणपणाचा हात 1934 वर फिरला होता. आपण तीच आवृत्ती वाचतो आणि म्हणतो, बघा, याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला त्यामुळे शायरर कमी वाटत नाही. पण ती डायरी हातात धरून इतरांना जाब विचारू नये.

तो डिसेंबर 1940 मध्ये निघाला, आपल्यावर हेरगिरीचं कुभांड रचलं जातंय अशी कुणकुण लागल्यावर. रोजनिशी पेट्यांच्या तळाशी, वर सेन्सॉरचे शिक्के असलेले कागद, त्यावर मुद्दाम काही लष्करी नकाशे. पेट्या त्याने स्वतःच गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीत नेल्या. त्यांनी नकाशे जप्त केले, खूश झाले आणि पेट्यांना मोहोर लावून दिली.

जे मागे राहिले त्यांना वर्षभरात, अमेरिका युद्धात उतरताच, बाड नाउहाइमच्या हॉटेलात नजरकैदेत ठेवलं. 1942 च्या वसंतात अदलाबदल होऊन ते घरी गेले. एकजण गेला नाही: रॉबर्ट बेस्ट, साउथ कॅरोलिनाचा, युनायटेड प्रेसचा व्हिएन्नातला जुना बातमीदार. तिथल्या ‘कॅफे लूव्र’मधल्या त्याच्या टेबलावर थॉम्प्सन, शायरर, जॉन गुंथर, सगळे बसून गेले होते. जे त्यांना दिसत होतं तेच त्यालाही वर्षानुवर्षं दिसत होतं. तो जर्मनीत राहिला आणि नाझींच्या रेडिओवरून अमेरिकेला उद्देशून ज्यूंविरुद्ध गरळ ओकू लागला. 1948 मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाने त्याला देशद्रोहासाठी जन्मठेप दिली. चार वर्षांनी तो कैदेतच मेला.