कझाकस्तानात आमचं नाव परत मिळवताना

आमच्या आवळा केसतेलाचं नाव कझाकस्तानात आधीच कुणीतरी नोंदवून ठेवलंय, हे आम्हांला जिनिव्हाहून, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडून आलेल्या पत्रातून कळलं. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत निर्यातीचं काम बघते. भारत २०१३ च्या जुलैत माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. तेव्हापासून मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयामार्फत एकच अर्ज करून अनेक देशांत नाव नोंदवता येतं. आम्ही अर्जात कझाकस्तान टाकला होता, कारण अल्माटीला आमचा माल बरीच वर्षं जात होता. उत्तर आलं ते तात्पुरत्या नकाराचं. वर्ग ३ मध्ये, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या वर्गात, हेच नाव आणि बाटलीवरचं हेच चित्र दुसऱ्या कुणाच्या तरी नावे होतं. धारकाचं नाव वाचलं आणि कपाळात गेलं. तो आमचाच वितरक होता.

तिथे जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क, हा मूळ नियम. म्हणजे उद्या या माणसाशी बिनसलं आणि आम्ही दुसरा वितरक नेमला, तर आमच्याच कारखान्यात भरलेल्या बाटल्या 'बनावट' म्हणून अडवून धरायची सोय त्याच्याकडे होती. भरीस भर म्हणजे रशिया, कझाकस्तान वगैरे देशांच्या युरेशियन आर्थिक संघात सौंदर्यप्रसाधनं विकायला अनुरूपतेची घोषणा, म्हणजे माल तिथल्या नियमांप्रमाणे असल्याचा कागद लागतो, आणि ही घोषणा स्थानिक कंपनीच्याच नावे काढावी लागते. तीही त्याच्याचकडे. आम्ही विचारणा केल्यावर त्याने शांतपणे कळवलं, की योग्य रक्कम दिलीत तर नाव तुमच्याकडे वर्ग करतो.

आमच्या व्यवसायातल्या जाणत्या लोकांनी सल्ला दिला, पैसे द्या आणि मोकळे व्हा, तिकडे कायदा वगैरे काही नसतो. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. सोव्हिएत काळात संशोधकाला 'लेखक प्रमाणपत्र' मिळायचं आणि शोधाची मालकी सरकारची असायची, हे खरं. १९९१ नंतर या देशांना आपापली कार्यालयं आणि कायदे जवळजवळ पायापासून उभारावे लागले, हेही खरं. पण कझाकस्तानचा ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे, तो देश पेटंट-ट्रेडमार्कविषयीच्या पॅरिस करारात आहे आणि ३० नोव्हेंबर २०१५ पासून जागतिक व्यापार संघटनेतही आहे. पॅरिस करारात आमच्यासारख्यांसाठीच एक तरतूद आहे. मूळ मालकाच्या प्रतिनिधीने परवानगी न घेता स्वतःच्या नावे चिन्ह नोंदवलं, तर मालक त्याला विरोध करू शकतो किंवा ती नोंदणी रद्द करायला लावू शकतो. कझाक कायद्यातही हे कारण दिलेलं आहे. भारत याच करारात १९९८ पासून आहे. मग खंडणी का द्यायची?

परदेशी कंपनीला तिथे स्वतः अर्ज करता येत नाही, नोंदणीकृत स्थानिक पेटंट वकील नेमावाच लागतो. आम्हांला अल्माटीच्या एक वयस्क वकीलबाई मिळाल्या. पहिल्याच बोलण्यात त्यांनी बजावलं, "तुमची बाजू खरी आहे हे मला सांगू नका. कागद दाखवा." मग न्याय मंत्रालयाच्या अपील परिषदेपुढे नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करायचा आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आमचा माद्रिद अर्ज जिवंत ठेवायचा, असं ठरलं.

खरी मेहनत कागदांची. भारतातल्या नोंदणीची प्रमाणित प्रत अँटॉप हिलच्या कार्यालयातून काढली. मुखत्यारपत्रावर नोटरी आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन, घेतलं. भारत आणि कझाकस्तान दोघंही अपोस्टिल करारात असल्याने वकिलातीचे खेटे वाचले. वितरणाचा करार, बिलं, शिपिंग बिलं, बँकेतल्या जमांचे उतारे, सगळ्याचा रशियन अनुवाद करून तोही नोटरी करायचा.

इथे एक अडचण आली, ती नीट सांगते, कारण ती कुठल्याही मराठी माणसाच्या कंपनीला येईल. रशियन लिपीत 'ह'साठी अक्षर नाही. आमच्या संचालकांच्या आडनावातला 'ह' एका अनुवादकाने 'ख'च्या जवळच्या अक्षराने लिहिला, दुसऱ्याने 'ग'ने. करारावरचा माणूस आणि मुखत्यारपत्रावरचा माणूस कागदोपत्री वेगळे झाले. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. करारावर नुसती आद्याक्षरं. कझाकस्तानातल्या अर्जांत वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो आणि तिथे ते लोक फार काटेकोर असतात. वितरकाच्या वकिलाने लगेच या फरकावर बोट ठेवलं. शेवटी मी एका पानाचा तक्ता केला: प्रत्येक व्यक्ती, कंपनी, पत्ता, उत्पादन यांचं रशियन लेखन एकच, आणि सगळे अनुवाद त्यानुसार पुन्हा करून घेतले. तो तक्ता आता आमच्या प्रत्येक परदेशी फाइलच्या पहिल्या पानावर असतो.

सुनावणीत वितरकाचं म्हणणं असं, की मी स्वतंत्र व्यापारी आहे, माल विकत घेतो आणि विकतो, कुणाचा प्रतिनिधी नाही. शिवाय जाहिरातीचा खर्च मी केला. पहिला मुद्दा कच्चा नव्हता, कारण करारात 'वितरक' एवढाच शब्द होता. आम्हांला तारलं एका जुन्या ई-मेलने. त्यात त्याने बाटलीच्या लेबलाची मूळ फाइल आमच्याकडे मागितली होती, कझाक आणि रशियन मजकूर छापायला हवा म्हणून, आणि खाली लिहिलं होतं की तुमच्या ब्रँडचा इथला माणूस या नात्याने मी हे बघतो. त्या मेलची तारीख त्याच्या ट्रेडमार्क अर्जाच्या थोडीच आधीची होती. अर्जाला जोडलेलं चित्र तर आम्ही पाठवलेल्या फाइलमधलंच, कोपऱ्यातल्या आमच्या छापखान्याच्या बारीक खुणेसकट. वकीलबाईंनी ती खूण मोठी करून पडद्यावर दाखवली. परिषदेने नोंदणी अवैध ठरवली. नंतर आमच्या माद्रिद अर्जावरचा नकार उठला.

त्या दिवशी कार्यालयात पेढे वाटले. पण नाव हातात आलं म्हणजे बाजार हातात आला असं नाही. याच काळात बनावट बाटल्या दिसू लागल्या होत्या. अल्माटीच्या घाऊक बाजारातून वकीलबाईंच्या माणसाने पावतीसकट खरेदी करून दोन बाटल्या आम्हांला कुरियरने पाठवल्या. टोपणाचा हिरवा रंग जवळपास तोच. मागे देवनागरीत छापलेल्या ओळीत मात्र जोडाक्षरं फुटलेली, प्रत्येक अर्ध्या अक्षराखाली हलन्त लटकलेला. दोन्हींवर बॅच क्रमांक एकच, भरल्याच्या तारखा मात्र वेगळ्या. आतल्या तेलाला आवळ्याचा वास नव्हता, होता तो खनिज तेलाचा. आमचं नाव वाचून ते कुणीतरी डोक्याला चोळत असणार, याचा मला मनापासून संताप आला.

तक्रार केली की छापा पडेल, या भ्रमात राहू नये. कझाकस्तानात २०२० पासून २०२३ च्या अखेरीपर्यंत लहान उद्योगांच्या सरकारी तपासण्यांवर बंदी होती. छोट्या गाळेवाल्याकडे अधिकारी नेणं त्यामुळे अवघड होतं. उरला मार्ग दोन गोष्टींचा: स्वतः पुरावा गोळा करून दाद मागायची, आणि सीमेवर माल अडवायचा. ऑनलाइन विक्रीची पानं आम्ही नोटरीसमोर उघडून त्याची नोंद करून घेतली. विक्रेता पान काढून टाकतो, नोटरीचा दस्त राहतो. मग सीमाशुल्काच्या बौद्धिक संपदा नोंदवहीत आमचं चिन्ह घातलं. त्यानंतर संशयित माल दिसला, की अधिकारी तो दहा कामकाजाचे दिवस रोखून ठेवतात, अर्जावर आणखी दहा दिवस मिळू शकतात. तेवढ्यात आपण कोर्टात गेलो नाही, तर माल सुटतो. खरा आणि खोटा माल ओळखायची सचित्र माहिती त्यांना आधीच द्यावी. आम्ही ती दिली, आणि चीनच्या बाजूने आलेली एक खेप तिच्याच आधारे थांबली.

तरीही बाटल्या येत राहिल्या, कारण किर्गिझस्तान. २०१५ मध्ये तो देशही युरेशियन संघात आला. त्यामुळे त्याच्या आणि कझाकस्तानच्या सीमेवर सीमाशुल्काची तपासणी राहिलेली नाही. बिश्केकला एकावर एक कंटेनर रचून उभा केलेला दोर्दोय नावाचा अफाट बाजार आहे, खालच्या कंटेनरात दुकान आणि वरच्यात गोदाम. मध्य आशियाच्या घाऊक व्यापाराचं ते मोठं केंद्र. आमचा बनावट माल नेमका कुठल्या गाळ्यातून सुटला हे सिद्ध झालेलं नाही, पण किर्गिझस्तानातून तो येत होता एवढं वाहतुकीच्या कागदांवरून दिसलं. आणि तिथे आमची नोंदणीच नव्हती. माल संघभर मोकळा फिरतो, ट्रेडमार्कचा हक्क मात्र देशागणिक वेगळा घ्यावा लागतो. संघाच्या सामायिक ट्रेडमार्कचा करार २०२० मध्ये झाला खरा, पण आमच्या हाताशी होती ती माद्रिदचीच वाट.

मूळ आंतरराष्ट्रीय नोंदणीत नंतर देश वाढवता येतात. त्यानुसार किर्गिझस्तान, रशिया आणि उझबेकिस्तान आम्ही जोडले. उझबेकिस्तान संघात नाही, पण माद्रिदमध्ये आहे. रशियन लिपीतलं नाव वेगळा अर्ज करून नोंदवायला टाकलंय, कारण गिऱ्हाईक दुकानात तेच वाचतं. कझाकस्तान आणि रशियात सलग तीन वर्षं चिन्ह वापरलं नाही तर हितसंबंध असलेला कुणीही ते रद्द करायला लावू शकतो, म्हणून प्रत्येक देशातलं दर वर्षाचं किमान एक बिल वेगळ्या फाइलला लावते. नव्या वितरकाच्या करारात त्याने आमचं नाव कुठल्याही लिपीत नोंदवू नये असं कलम आहे. करार संपल्यावर अनुरूपतेची घोषणा रद्द करून द्यायची, हेही त्यात आहे. किर्गिझस्तानचं उत्तर अजून यायचंय. ते आलं की तिथल्या सीमाशुल्काकडचा अर्ज लगेच जाईल, त्याचा रशियन अनुवाद तक्त्याप्रमाणे तपासून तयार ठेवलाय.