केनरचा १३ इंची स्टीव्ह ऑस्टिन: डोळा, कातडं आणि खटका

‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या अमेरिकी मालिकेवरून केनर या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९७५ साली स्टीव्ह ऑस्टिनची १३ इंची फिगर बाजारात आणली. ती आज विकत घ्यायची असेल तर चेहरा सगळ्यात शेवटी बघा. आधी पाठीवरचा खटका चालतो का ते बघा, मग उजव्या हातावरचं कातडं, मग डोळा. पन्नास वर्षं जुन्या या खेळण्याचा जीव या तीन ठिकाणी आहे. नुसता देखणा चेहरा हवा असेल तर त्याच्याहून चांगल्या फिगर कितीतरी मिळतील. इतकं हुशारीने बांधलेलं खेळणं मात्र त्या काळात फार थोडं निघालं.

मालिकेची थोडी ओळख करून देतो, कारण त्याशिवाय फिगरची रचना कळत नाही. मार्च १९७३ मध्ये एबीसी वाहिनीवर आधी दूरचित्रपट आला, आणि जानेवारी १९७४ ते मार्च १९७८ या काळात नियमित मालिका चालली. ली मेजर्सने साकारलेला स्टीव्ह ऑस्टिन हा अंतराळवीर आणि चाचणी वैमानिक. अपघातात त्याचा उजवा हात, दोन्ही पाय आणि डावा डोळा जातो आणि साठ लाख डॉलर खर्चून त्या जागी यांत्रिक अवयव बसवले जातात. शीर्षकाच्या वेळी दिसणारा विमानाचा अपघात खरा आहे. १० मे १९६७ रोजी नासाचं एम२-एफ२ हे प्रायोगिक यान उतरताना कोसळलं, त्याचं ते चित्रण. वैमानिक ब्रूस पीटरसन वाचला, पण पुढे त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली.

ताशी ६० मैल धावणारा माणूस मालिकेत दाखवायचा कसा? निर्मात्यांनी उलटा रस्ता धरला. स्टीव्ह ताकद लावतो ती दृश्यं मंदगतीत दाखवायची आणि त्यांना तो ठरावीक धातूसारखा आवाज द्यायचा. केनरने नेमकं हेच पकडलं. वेग प्लॅस्टिकला जमत नाही, पण सावकाश आणि आवाज करत वजन उचलणं जमतं.

म्हणून उजवा हात हा या फिगरचा गाभा. आत रॅचेट आहे, म्हणजे एकाच दिशेने फिरणारं दात्यांचं चाक आणि त्याला अडवणारी जीभ. सोबत मिळणारा खेळण्यातला इंजिन ब्लॉक हातात अडकवायचा आणि पाठीवरचा खटका दाबायचा. प्रत्येक दाबाला हात एक दाता वर सरकतो आणि ‘कट्’ असा आवाज होतो. हात एका झटक्यात वर जात नाही, आणि हीच या यंत्राची खुबी. पडद्यावरचं मंदगतीचं दृश्य इथे मुलाच्या अंगठ्याखाली येतं. बॅटरी नाही, दोरी नाही, किल्ली द्यायची नाही. याहून अचूकपणे मालिकेची दृश्यभाषा खेळण्यात उतरलेली मी पाहिलेली नाही.

बिघडतंही हेच. दोन प्रकारचे बिघाड दिसतात आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. खटका दाबला की आवाज येतो, हात वर जातो, पण सोडल्यावर वजनासकट खाली येतो: अशा वेळी दात्यांची टोकं झिजलेली असतात किंवा अडवणारी जीभ नीट बसत नसते. वर धरलेला हात कुणीतरी जोराने खाली ओढल्यानेच बहुधा हे होतं. दुसऱ्या प्रकारात खटका आत जातो, पण हात हलतच नाही आणि आवाजही येत नाही. म्हणजे खटक्याचा आतल्या चाकाशी संबंध तुटलेला आहे. पहिला बिघाड असलेली फिगर निदान मांडून ठेवण्यापुरती चालते. दुसऱ्या बिघाडाची फिगर फक्त सुट्या भागांसाठी घ्यावी. धड फोडून दुरुस्ती करण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण इतकं जुनं कडक प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि पाती घालून उचकटलं की कडा तडकतात.

विक्रेत्याकडे फोटोऐवजी छोटा व्हिडिओ मागावा आणि त्यात काय हवं ते नीट सांगावं: हात खाली, तळहातात काहीतरी वजन, खटका सलग पाच-सहा वेळा दाबलेला, मग बोट बाजूला आणि हात तसाच वर राहिलेला. ‘वर्किंग’ एवढ्या एका शब्दावर पैसे देऊ नयेत. रिकामा हात वर राहणं आणि वजनासकट वर राहणं यात बराच फरक आहे.

आता कातडं. उजव्या हातावर मऊ, रबरासारखं आवरण आहे. ते गुंडाळून बाजूला केलं की आत यंत्रासारखे दिसणारे दोन सुटे तुकडे दिसतात. हे ‘बायॉनिक मॉड्यूल’ काढता-घालता येतात. कल्पना म्हणून ही कमाल आहे. मालिकेत स्टीव्हचा हात फाटून आतल्या तारा दिसतात तेव्हा प्रेक्षक दचकतो. तो क्षण इथे मुलाला हवा तेव्हा घडवता येतो.

पण साहित्य म्हणून हाच सगळ्यात कच्चा भाग. असं मऊ प्लॅस्टिक मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे. हा पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतो. सुरुवातीला पृष्ठभाग चिकट होतो, धूळ धरतो. पुढे आवरण आखडतं, कडक होतं आणि गुंडाळायला गेलं की चिरतं. चीर बहुधा कोपराच्या घडीवर किंवा काठावर सुरू होते, कारण गुंडाळताना ताण तिथे येतो. विक्रीच्या फोटोत हात कोपरात वाकवून ठेवलेला असेल तर सरळ हाताचा फोटो मागावा. घडीतली चीर वाकवलेल्या हातात लपते.

आवरण अजून लवचिक असेल तर ही पद्धत वापरावी. आधी खोलीच्या तापमानाला आणावं, थंड असताना हात लावू नये. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापड नीट पिळून घ्यावं आणि चिकटपणा पुसावा. साबणाचा अंश राहू नये म्हणून साध्या ओल्या कापडाने पुन्हा पुसावं आणि पूर्ण वाळू द्यावं. त्यानंतर टाल्कम पावडर चिमूटभर, बोटाने, आवरणाच्या आतल्या बाजूला जिथपर्यंत सहज पोचेल तिथपर्यंत. गुंडाळताना एका जागी चिमटीत धरून ओढू नये. चारही बाजूंनी थोडं थोडं सरकवावं. मध्येच अडकलं तर तिथेच थांबून परत मागे न्यावं. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये. त्याने चिकटपणा तात्पुरता जातो, पण उरलेला प्लॅस्टिसायझरही निघून जातो आणि आवरण आणखी लवकर कडक होतं.

आधीच कडक झालेलं आवरण गुंडाळूच नये. मॉड्यूल आत आहेत की नाहीत हे बघण्याच्या हौसेपायी कित्येक चांगली आवरणं फाटली आहेत. अशा वेळी विक्रेत्यालाही ‘उघडून दाखवा’ असा आग्रह करू नका. बाहेरून हलकं दाबून बघायला सांगा: आत मॉड्यूल नसेल तर त्या जागी पोकळ दबतं.

बदली आवरणं नव्याने बनवलेली मिळतात आणि ती लावण्यात काही गैर नाही, फक्त विक्रेत्याने ते सांगितलेलं असावं. रंग जुळतो का ते डाव्या हाताशी ताडून बघता येतं. जुना डावा हात थोडा पिवळटलेला असतो आणि नवं आवरण एकसारखं, जरा जास्तच ताजं दिसतं.

डोळ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. डोक्याच्या मागे भोक आहे, त्यातून पाहिलं की स्टीव्हच्या यांत्रिक डोळ्यातून दिसतं. कल्पना उत्तम, पण आत बसवलेलं भिंग वाइड अँगलचं आहे. फ्लॅटच्या दाराला असतं तसं: समोरचं सगळं लहान आणि लांब दिसतं. मालिकेतला डोळा लांबचं सुमारे वीसपट जवळ आणतो, आणि खेळण्यातला डोळा नेमकं उलटं करतो. एवढ्याशा डोक्यात दुर्बीण बसवणं महाग पडलं असतं हे मान्य. तरी बाकी रचना इतकी नेमकी असताना हा एक भाग नावापुरता राहिला, याची खंत वाटते.

भिंग तपासायला विक्रेत्याला डोक्याच्या मागच्या भोकाला फोनचा कॅमेरा लावून उजेडाच्या दिशेने एक फोटो काढायला सांगा. ठिपके दिसले तर ती धूळ, आणि ती बहुधा निघते: कोरड्या कापसाच्या बोळ्याने, अगदी हलक्या हाताने. सगळीकडे सारखा पांढुरका पडदा असेल तर प्लॅस्टिकच निस्तेज झालेलं आहे, तिथे काही करता येत नाही. स्पिरिटने पुसलं तर भिंगावर बारीक भेगांचं जाळं उठण्याचा धोका असतो.

चेहरा ठीक आहे. जबड्याची ठेवण आणि केस ली मेजर्सची आठवण करून देतात, हुबेहूब म्हणवत नाही. केस कोरीव आहेत, म्हणजे गळण्याची भानगड नाही. अंगात लाल सूट, पायात बूट. बूट एकच असलेल्या फिगर खूप फिरतात, तेव्हा दोन्ही पाय फोटोत दिसले पाहिजेत. सूट धुवायचा तर अंगावरून काढून, थंड पाण्यात, इतर कशाहीबरोबर नाही. लाल रंग सुटतो. पिळू नये, पांढऱ्या कापडावर सपाट पसरून सावलीत वाळवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नये, नाहीतर मांड्यांवर गुलाबी डाग पडतात आणि ते जात नाहीत.

आवृत्त्यांचा गोंधळ टाळायला एवढं लक्षात ठेवा. पहिल्या आवृत्तीबरोबर इंजिन ब्लॉक. पुढे ‘बायॉनिक ग्रिप’ची आवृत्ती आली, तिची बोटं पकड घेतात आणि सोबत गर्डर, म्हणजे उचलायची तुळई आहे. त्यानंतर ‘बायोसॉनिक आर्म’ची आवृत्ती. विकणारे पुष्कळदा हाताशी येईल ती वस्तू जोडून ‘कम्प्लीट’ म्हणतात. पहिल्या आवृत्तीच्या फिगरबरोबर गर्डर असेल तर तो संच जुळवलेला आहे, आणि किंमतही तशीच असायला हवी. केनर तेव्हा जनरल मिल्स या धान्य-पिठाच्या कंपनीच्या मालकीची होती, त्यामुळे मूळ फिगरच्या अंगावर जनरल मिल्स फन ग्रुप आणि केनर ही दोन्ही नावं कोरलेली सापडतात.

एकदा स्टीव्ह आला की याच संचातल्या बाकीच्या फिगर खुणावतात. जेमी सॉमर्स (१९७६), म्हणजे स्टीव्हसारखेच यांत्रिक अवयव बसवलेली नायिका, मान वळवली की ‘पिंग’ असा आवाज करते, कारण मालिकेत तिचा कान यांत्रिक आहे. स्टीव्हचा वरिष्ठ ऑस्कर गोल्डमन याच्या ब्रीफकेसचा चुकीच्या पद्धतीने उघडल्यावर ‘स्फोट’ होतो. पण दुसरी फिगर घ्यायची तर मी मॅस्कॅट्रॉन सुचवेन. या यंत्रमानवाला स्टीव्हचा आणि ऑस्करचा मुखवटा चढवता येतो आणि त्याचे हातपाय निखळून पडतात. स्टीव्हला लढायला शत्रू मिळाला तो असा. फक्त मुखवटे सगळे आहेत ना, एवढं बघा. सगळ्यात आधी तेच हरवतात. हॅस्ब्रो या दुसऱ्या खेळणी कंपनीने जीआय जो या आपल्या सैनिकी फिगरच्या श्रेणीत १९७५ मध्ये आणलेला माइक पॉवर हा केनरला दिलेला जबाब. त्यालाही आरपार दिसणारा डोळा आहे, पण स्टीव्हच्या रॅचेटची मजा त्यात नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथे ठेवायची असेल तर जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ. काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे कधी बदलायच्या ते कळतं. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत फिगर कोंबू नये. बाहेर येणारा प्लॅस्टिसायझर आतच अडकतो आणि कातडं आणखी चिकटतं. खिडकीचं ऊन नको, कपाटातला गरम होणारा दिवाही नको. हात खाली सोडलेला ठेवावा, म्हणजे रॅचेटवर ताण राहत नाही, आणि कोपर सरळ, म्हणजे आवरणाला घडी पडत नाही. इंजिन ब्लॉक हातात न ठेवता पायाशी ठेवावा. उजवा हात धडाला किंवा दुसऱ्या फिगरला टेकू देऊ नये. मऊ प्लॅस्टिक कडक प्लॅस्टिकला महिनोन्महिने चिकटून राहिलं तर दोन्ही एकमेकांत रुततात. मध्ये आम्लमुक्त कागदाची एक पट्टी पुरते. बदली आवरण लावलं असेल तर मूळ फाटलेलं टाकू नका. तशाच कागदात सैल गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा. फिगर पुढे कुणाला दिलीत तर घेणारा ते मागतोच.