उच्च ऑर्डरच्या संख्यात्मक पद्धती: कागदावर आणि मेशवर

अभियांत्रिकी गणनेचे उत्तर पुरेसे अचूक आले नाही, की मेश, म्हणजे गणनेसाठी जागेचे तुकडे पाडणारे बिंदूंचे जाळे, आणखी बारीक करावा आणि गणना पुन्हा चालवावी, हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की त्याचा हिशेब मांडण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. तो हिशेब असा आहे. त्रिमितीय आणि काळानुसार बदलणाऱ्या समस्येत बिंदूंमधील अंतर निम्मे केले, की मेशमधील पेशींची संख्या आठपट होते. एक्स्प्लिसिट पद्धत, म्हणजे पुढच्या क्षणाचे उत्तर थेट आधीच्या क्षणाच्या किमतींवरून काढणारी पद्धत, वापरत असल्यास काळाची पायरीही निम्मी करावी लागते, कारण कुराँट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे एका पायरीत लहर जितकी दूर जाते तितके अंतर त्या पायरीच्या सूत्राच्या आवाक्यात असावेच लागते. म्हणजे एकूण काम सोळापट वाढते. पद्धतीची ऑर्डर म्हणजे तिची त्रुटी अंतराच्या कितव्या घाताच्या प्रमाणात घटते तो आकडा. या सोळापट कामाच्या मोबदल्यात पहिल्या ऑर्डरची पद्धत त्रुटी फक्त निम्म्यावर आणते, दुसऱ्या ऑर्डरची पद्धत ती पावपट करते आणि चौथ्या ऑर्डरची पद्धत एक सोळांश करते. अचूकतेची अपेक्षा जसजशी वाढते तसतसा कमी ऑर्डरच्या पद्धतींचा खर्च आवाक्याबाहेर जातो, आणि उच्च ऑर्डरच्या पद्धतींचा विचार तिथूनच सुरू होतो.

हा फरक पाहण्यासाठी मोठी समस्या लागत नाही. साइन या फलनाचा १ रेडियनपाशी अवकलज काढायचा आहे असे समजू. खरे उत्तर ०.५४०३०२३ आहे. दोन्ही बाजूंना ०.१ अंतरावरच्या किमती घेऊन मध्यवर्ती फरकाचे नेहमीचे सूत्र (दोन किमतींच्या वजाबाकीला त्यांच्यातील अंतराने भागण्याचे) वापरले तर ०.५३९४०२३ मिळते, म्हणजे त्रुटी सुमारे ०.०००९. अंतर ०.०५ केले की ०.५४००७७२ मिळते आणि त्रुटी ०.०००२२५ वर, म्हणजे बरोबर चौथ्या हिश्श्यावर येते. आता दुसऱ्या उत्तराची चौपट करावी, त्यातून पहिले उत्तर वजा करावे आणि आलेल्या संख्येला तीनने भागावे. उत्तर येते ०.५४०३०२२ आणि त्रुटी उरते सुमारे ०.००००००११. फलनाची एकही नवी किंमत न काढता त्रुटी दोन हजारपट घटली, कारण दोन्ही उत्तरांतील त्रुटीचा मुख्य भाग अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होता आणि या वजाबाकीत तो नाहीसा झाला. साध्या सूत्राने इतकी अचूकता मिळवायची तर अंतर आणखी सुमारे पंचेचाळीसपट कमी करावे लागले असते.

ही युक्ती लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे, आणि तो निबंध दगडी धरणाच्या भिंतीतील ताण काढण्याविषयीचा आहे. आकडेमोडीसाठी त्यांनी मुले नेमली होती. त्यांना बिंदूमागे आणि अंकांच्या संख्येनुसार मोबदला मिळत असे आणि चुकलेल्या आकड्यांचे पैसे धरले जात नसत. जिथे प्रत्येक बिंदूचे दाम मोजावे लागते, तिथे थोड्या बिंदूंतून अधिक अचूकता काढण्याची निकड किती खरी असते हे या व्यवस्थेवरून कळते. आज बिंदूचे दाम संगणकाच्या वेळेत आणि विजेत मोजले जाते, एवढाच फरक आहे.

उच्च ऑर्डरचे महत्त्व मला सर्वांत स्पष्ट दिसते ते लहरींच्या समस्यांमध्ये. स्थिर वेगाने सरकणारी साधी साइन लहर घेऊ आणि एका तरंगलांबीत दहा बिंदू ठेवू. अवकाशातील अवकलजासाठी दुसऱ्या ऑर्डरचा मध्यवर्ती फरक वापरला, तर काळाच्या दिशेने कितीही अचूक गणना केली तरी ही लहर खऱ्या वेगाच्या सुमारे ९३.५ टक्के वेगाने सरकते. दहा तरंगलांब्यांचा प्रवास होईपर्यंत ती ०.६५ तरंगलांबी मागे पडते. जिथे शिखर असायला हवे तिथे गणना दरीकडचा भाग दाखवते. यातली धोक्याची बाब अशी की लहरीची उंची मुळीच घटलेली नसते. पडद्यावरचे चित्र सुबक असते, आकार योग्य असतो, कुठेही अस्थिरता दिसत नाही, आणि तरीही लहर चुकीच्या जागी असते. त्याच दहा बिंदूंवर चौथ्या ऑर्डरचे सूत्र वापरले तर वेगातील तूट अर्ध्या टक्क्यावर येते आणि सहाव्या ऑर्डरचे वापरले तर ०.०४ टक्क्यांवर. दुसऱ्या ऑर्डरच्या सूत्राने अर्ध्या टक्क्याची मर्यादा गाठायची तर एका तरंगलांबीत सुमारे ३६ बिंदू लागतात. एका दिशेने ३.६ पट बिंदू म्हणजे तीन दिशांनी सुमारे ४७ पट, आणि काळाच्या पायऱ्या धरल्या तर जवळपास १७० पट काम. चौथ्या ऑर्डरच्या सूत्रात प्रत्येक बिंदूवर थोडे जास्त गुणाकार करावे लागतात, हे खरे. पण १७० पटींपुढे तो खर्च किरकोळ आहे. प्रवास शंभर तरंगलांब्यांचा असेल तर चौथी ऑर्डरही अर्धी तरंगलांबी मागे पडते, म्हणून अंतर जितके लांब तितकी ऑर्डर वर न्यावी लागते. अशा प्रकारचा हिशेब क्राइस आणि ओलिगर यांनी १९७२ मध्येच मांडला होता.

भूकंपलहरींच्या गणनेत स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत (जागेचे एलिमेंट नावाचे तुकडे करून प्रत्येकात उच्च घाताची बहुपदी वापरणारी) रुजली, त्यामागे हेच कारण आहे. ही पद्धत अँथनी पटेरा यांनी १९८४ मध्ये द्रवप्रवाहासाठी मांडली. कोमाटिच आणि व्हिलोट यांनी १९९८ मध्ये ती त्रिमितीय भूकंपलहरींसाठी वापरून दाखवली. तिचे एक वैशिष्ट्य व्यवहारात फार मोलाचे ठरते: बहुपदीचे नोड (ज्या बिंदूंवरच्या किमतींनी ती ठरते ते) आणि संकलनाचे (इंटिग्रेशनचे) बिंदू एकच ठेवले, की वस्तुमानाची मॅट्रिक्स आपोआप कर्णरूप होते, म्हणजे कर्णाबाहेर सगळीकडे शून्य येते, आणि प्रत्येक पायरीला समीकरणसंच सोडवण्याची गरजच उरत नाही. ध्वनीच्या गणनेत तर पर्याय त्याहून कमी आहेत. ९४ डेसिबलचा ध्वनी कानाला मोठा वाटतो, पण त्याचा दाब फक्त १ पास्कल असतो आणि वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. एक लाखांश एवढा हा फरक दूरवर वाहून न्यायचा असेल, तर कमी ऑर्डरच्या पद्धतीची स्वतःची त्रुटीच त्या ध्वनीला गिळून टाकते.

मग सगळीकडे दहाव्या ऑर्डरची बहुपदी का वापरू नये, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो योग्यच आहे. पहिले उत्तर कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्ये दिले. १ भागिले (१ अधिक क्षवर्गाची २५ पट) हे निरुपद्रवी दिसणारे फलन उणे १ ते १ या अंतरात समान अंतरावरच्या बिंदूंतून बहुपदीने जोडत गेले, तर बिंदू वाढवावे तशी टोकांजवळची आंदोलने वाढतच जातात. उपाय असा की बिंदू टोकांकडे दाट ठेवावेत. चेबिशेव्ह किंवा गाउस-लोबाटो बिंदू त्यासाठीच आहेत, आणि स्पेक्ट्रल एलिमेंटमधील नोड समान अंतरावर का नसतात याचेही उत्तर त्यातच आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सेर्गेई गोदुनोव यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले, की जी रेषीय पद्धत नवी शिखरे किंवा दऱ्या निर्माण करत नाही ती पहिल्या ऑर्डरच्या वर जाऊ शकत नाही. स्वनातीत प्रवाहातील आघात तरंगाजवळ दाब आणि घनता अचानक उडी घेतात. तिथे उच्च ऑर्डरची रेषीय पद्धत वापरली, की उडीच्या आजूबाजूला खोट्या लाटा उठतात आणि घनता ऋण होऊन गणना बंद पडू शकते. या सिद्धांतातली फट ‘रेषीय’ या अटीत आहे. पद्धतीने उत्तराकडे पाहून आपली सूत्रे बदलली तर ती अट लागू होत नाही. वेनो (WENO, अनेक अंदाजांना भार देऊन खोटी आंदोलने टाळणारी) ही पद्धत नेमके हेच करते. ल्यू, ओशर आणि चॅन यांनी ती १९९४ मध्ये मांडली आणि जियांग व शू यांनी १९९६ मध्ये तिला आज प्रचलित असलेले पाचव्या ऑर्डरचे रूप दिले. त्यात पाच बिंदूंचे तीन-तीन बिंदूंचे तीन गट केलेले असतात आणि प्रत्येक गटातून तिसऱ्या ऑर्डरचा अंदाज काढला जातो. उत्तर गुळगुळीत असेल तिथे या तीन अंदाजांना जवळपास ०.१, ०.६ आणि ०.३ असा भार मिळतो आणि त्यांची बेरीज पाचव्या ऑर्डरची होते. एखाद्या गटातून उडी जात असेल, तर त्याचा गुळगुळीतपणाचा निर्देशांक बिघडतो आणि त्याचा भार जवळपास शून्यावर येतो. मला ही रचना अतिशय देखणी वाटते, कारण अचूकता कुठे मागायची आणि कुठे सोडायची हे प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे ठरते. मात्र आघात तरंगापाशी पाचवी ऑर्डर मिळत नाही, आणि त्या तरंगामागच्या प्रदेशातही ती पहिल्या ऑर्डरपर्यंत घसरू शकते, ही गोष्ट निकाल मांडताना सांगायलाच हवी.

भूमितीकडे त्यामानाने कमी लक्ष दिले जाते. बहुपदी चौथ्या घाताची घेतली आणि वर्तुळाकार कडा मात्र सरळ रेषांच्या तुकड्यांनी दाखवली, तर संगणक एका बहुभुजाभोवतीचा प्रवाह अत्यंत अचूकपणे सोडवून देतो. बासी आणि रेबे यांनी १९९७ मध्ये डिस्कंटिन्युअस गॅलर्किन पद्धतीसाठी (जिच्यात शेजारच्या एलिमेंटांच्या सीमेवर उत्तराला उडी घेता येते) दाखवले, की वर्तुळाभोवतीच्या घर्षणरहित प्रवाहात सरळ कडांमुळे मागच्या बाजूला खोटा वेक (मंदावलेल्या प्रवाहाचा पट्टा) तयार होतो आणि कडेचे एलिमेंट वक्र केले की तो जातो. वक्र एलिमेंटचा मेश तयार करताना एखादा एलिमेंट स्वतःवरच दुमडला जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्ष कामात कित्येकदा समीकरणे सोडवण्यापेक्षा मेशवरच अधिक वेळ जातो. आत वळलेल्या काटकोनी कोपऱ्यापाशी किंवा भेगेच्या टोकापाशी प्रश्न आणखी वेगळा असतो. तिथे उत्तर स्वतःच गुळगुळीत नसते, त्यामुळे नुसती बहुपदीची घात वाढवून फारसे हाती लागत नाही. कोपऱ्याकडे एलिमेंट झपाट्याने लहान करत न्यावेत आणि दूरच्या गुळगुळीत भागात घात वाढवावी, हा बाबुश्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेला एचपी (एच म्हणजे एलिमेंटचा आकार, पी म्हणजे बहुपदीचा घात) मार्ग त्या ठिकाणी खरोखर उपयोगी पडतो.

खर्चाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. त्रिमितीय एलिमेंटमध्ये सातव्या घाताची बहुपदी घेतली, की त्यात ५१२ नोड येतात आणि त्याची पूर्ण मॅट्रिक्स २,६२,१४४ नोंदींची होते. हे पाहून अनेक जण उच्च ऑर्डरचा नाद सोडतात. पण षट्फलकी एलिमेंटमध्ये बहुपदी तीन दिशांना सुट्या करता येत असल्यामुळे ही मॅट्रिक्स तयार करण्याची गरजच नसते. तिन्ही दिशांचे अवकलज प्रत्येकी ४,०९६, म्हणजे एकूण १२,२८८ गुणाकारांत निघतात. शिवाय आजच्या प्रोसेसरवर गुणाकार स्वस्त आणि स्मृतीतून आकडे आणणे महाग असल्यामुळे, एकदा आणलेल्या आकड्यांवर भरपूर काम करणाऱ्या पद्धतींनाच यंत्राची खरी साथ मिळते. काळाच्या पायरीची तोशीस मात्र राहतेच: डिस्कंटिन्युअस गॅलर्किन पद्धतीत घात तीन असेल तर स्थिरतेची मर्यादा ढोबळमानाने सातव्या हिश्श्यावर येते.

या सगळ्या अटी पाहता, एखाद्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातील ‘चौथी ऑर्डर’ हे शब्द मी कधीही पुरेसे मानत नाही. ती ऑर्डर आपल्या समस्येत, आपल्या मेशवर आणि आपल्या सीमाअटींसह मिळते आहे का, हे मोजून पाहावे लागते. नॉर्वेतील स्लाइप्नर ए या समुद्रातील तेल-वायू उत्पादन मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीदरम्यान फुटून बुडाला. चौकशीत आढळले, की फायनाइट एलिमेंट गणनेत (रचनेचे छोटे तुकडे करून ताण काढणाऱ्या) ट्रायसेल नावाच्या, टाक्यांच्या मधल्या त्रिकोणी भागातील शिअर स्ट्रेस (कातरताण) सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता आणि त्यामुळे भिंती अपुऱ्या मजबूत राहिल्या होत्या. नंतर केलेल्या काळजीपूर्वक विश्लेषणाने ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे दाखवले. ती प्रत्यक्षात सुमारे ६५ मीटरवर फुटली. समीकरणे तीच होती. मेश बदलल्यावर तो आकडा किती हलतो, हे पाहणे पहिल्या गणनेच्या वेळीच शक्य होते.

ही पडताळणी अवघड नाही. एकच समस्या तीन मेशवर सोडवावी, प्रत्येक वेळी अंतर निम्मे करावे, आणि लागोपाठच्या उत्तरांमधील दोन फरकांचे गुणोत्तर काढावे. वरच्याच अवकलजाच्या उदाहरणात ०.२, ०.१ आणि ०.०५ या अंतरांवरची उत्तरे ०.५३६७०७५, ०.५३९४०२३ आणि ०.५४००७७२ अशी येतात. फरकांचे गुणोत्तर ३.९९ येते आणि दोनच्या पायावर त्याचा लॉगरिथम १.९९७, म्हणजे मोजलेली ऑर्डर दोन. खरे उत्तर माहीत नसतानाही ही कसोटी लावता येते. चौथ्या ऑर्डरच्या कोडमधून हा आकडा १.३ आला, तर मी आधी सीमाअटींचा कोड उघडतो, मग कडेचे एलिमेंट सरळ आहेत का ते पाहतो, त्यानंतर पदार्थाचे गुणधर्म एखाद्या एलिमेंटच्या आत अचानक बदलत तर नाहीत ना हे तपासतो. त्यातूनही कारण सापडले नाही, तर एक गुळगुळीत उत्तर स्वतःच निवडावे, समीकरणात घालून त्याला जुळणारे स्रोतपद (ते उत्तर खरे ठरावे म्हणून समीकरणात घालायचे जादा पद) काढावे आणि कोडला तेच उत्तर परत काढायला लावावे. इथे ऑर्डर चारच्या जवळ आली तर दोष मूळ समस्येच्या भूमितीत किंवा तिच्या उत्तराच्या स्वभावात शोधावा. इथेही ती १.३ राहिली तर कोडमधील पदे एकेक करून बंद करावीत आणि कोणते पद बंद केल्यावर आकडा चारकडे सरकतो ते पाहावे.