सारापिकीत लाल डोळ्यांच्या बेडकामागे दोन रात्री

पहिल्या रात्री एकही दिसला नाही. दोन तास तळ्याकाठची पानं धुंडाळली आणि डास तेवढे पोटभर जेवले. "पाऊस कुठे झालाय?" वाटाड्या म्हणाला. दुसऱ्या संध्याकाळी धो धो कोसळला आणि आठच्या सुमारास त्याच तळ्यावर चहूकडून 'चक्... चक्' सुरू झालं. म्हणून सांगतो, इथे किमान दोन रात्री काढा. कोस्टा रिकातल्या सारापिकीच्या जंगलात वर्षाला सुमारे ४,००० मिमी पाऊस पडतो, फार वाट पाहावी लागत नाही.

देशाच्या राजधानीतून, सान होसेहून, थेट बस आहे. तिकीट काढताना 'पुएर्तो विएहो दे सारापिकी' असं पूर्ण नाव घ्या. नुसतं पुएर्तो विएहो म्हटलंत तर दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावर उतराल. घाटात दरडी कोसळतात, तेव्हा परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

पहिला नर दिसला तो जेमतेम दोन इंचांचा, पाय पोटाशी घेऊन पानाला चिकटलेला. डोळ्यांवर सोनेरी जाळीची पातळ पापणी. ती हळूच खाली सरकली आणि आतून लालभडक डोळा, मधोमध उभी काळी फट! जागा झाला तशा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या कुशी उघड्या पडल्या.

मला मात्र अंड्यांनी जास्त वेळ खिळवलं. पाण्यावर झुकलेल्या पानाला जेलीचा पुंजका चिकटलेला, आत वळवळणारे जीव. एरवी ती सहा-सात दिवसांनी फुटतात. पण साप खायला लागला, तर त्याआधीच बेडूकमासे भराभर सुटून खाली पाण्यात पडतात. पावसानेही पान थरथरतं, तेव्हा सहसा फुटत नाहीत. थरथर कुणाची, हे अंड्यातल्या जिवाला कळतं! फोटोसाठी पान ओढू नका, ते एवढ्यासाठी.

बेडकाला हात लावू नका. डासांचं मलम त्याच्या कातडीतून आत जातं. गमबूट हवेतच, तेर्सिओपेलो हा विषारी साप पाचोळ्यात दिसतही नाही. कठड्याला धरण्याआधी टॉर्च मारा, जबर डंख मारणाऱ्या बुलेट मुंग्या असतात. आणि कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढू नका. मी धुकटलेलं भिंग पुसत बसलो, तेवढ्यात नराला पाठीवर घेतलेली मादी समोरून पानाआड गेली.