तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला क्रमांक रिकामा का ठेवला

कुठल्याही कॉलेजात कथास्पर्धेचं परीक्षण करायला गेले की चहाच्या वेळी कोणीतरी शेजारी सरकतं आणि आवाज उतरवून विचारतं, "मॅडम, २००९ साली पहिला नंबर कोणालाच दिला नाही, त्या तुम्हीच ना? का हो?" विचारणाऱ्यांतले निम्मे तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. माझे दोन कथासंग्रह आहेत, त्यांच्याबद्दल चहाच्या वेळी कोणी सरकत नाही.

माझं ठरलेलं उत्तर आहे. दर्जा नव्हता, म्हणून दिला नाही. बक्षीस म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद नव्हे, आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायला. हे वाक्य मी तेव्हा माईकवरही म्हणाले होते आणि सभागृह हसलं होतं. हसू आलं की माणसाला आपण बरोबर आहोत असं वाटतं.

आणि खरं सांगू, त्या गठ्ठ्यात होतं काय? एकेचाळीस कथा. आठ वृद्धाश्रम. सहा जणांना शेवटी जाग येते आणि सगळं स्वप्न निघतं. चार नायिकांनी गळफास घेतला, त्यातल्या दोघींनी पावसात. आयोजकांनी गुणांचा तक्ता दिला होता: आशय ४०, मांडणी ३०, भाषा २०, शुद्धलेखन १०. शुद्धलेखनाचे दहा सोडले तर बाकी नव्वद गुण हवेत तरंगत असतात, हे परीक्षण केलेल्या कोणालाही विचारा. दुसरे परीक्षक निवृत्त प्राध्यापक होते. ते म्हणाले, "द्या हो, मुलं आहेत. सतरा नंबरच्या कथेला द्या आणि मोकळ्या व्हा." मी नाही म्हटलं. सतरा नंबरला दुसरा दिला, बाकी तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ.

२०२२ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. १९६३ पासूनची स्पर्धा, तिथेही असं होतं म्हटल्यावर मला आधार वाटला, कबूल करते. एका मैत्रिणीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की अमेरिकेत २०१२ ला पुलित्झरवाल्यांनी कथा-कादंबरीचं पारितोषिक दिलंच नव्हतं, निवड समितीनं तीन नावं पुढे करूनही. ती म्हणाली, "ते छापलेल्या पुस्तकांबद्दल. तू एस.वाय.च्या पोराबद्दल बोलतेयस." मी विषय बदलला.

तर सतरा नंबर.

कथा वजनकाट्यावरची होती. साखर कारखान्याच्या काट्यावर पावत्या लिहायला बसलेला हंगामी पोरगा, आणि रांगेत त्याच्याच वडिलांची बैलगाडी. गाडी दोनदा तोलतात, आधी उसासकट, मग रिकामी. वजाबाकी होते तो ऊस. गाडी काट्यावर चढते, बाकीचे गाडीवान खाली उतरतात, वडील उतरत नाहीत. मुलगा मान वर करून बघतो. संपली कथा. मी समासात लिहिलं होतं: शेवट लोंबकळतो. परिणामासाठी मध्येच तोडल्यासारखा वाटतो.

बक्षीस समारंभात टेबलावर फिरती ढाल ठेवलेली होती, लाल मखमलीवर, शेजारी २००१ रुपयांचं पाकीट. निवेदिकेनं "प्रथम क्रमांक" म्हटलं, थांबली, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि मग "पात्र कथा नसल्याने" वगैरे. ती ढाल शेवटपर्यंत तशीच टेबलावर. पसायदानाला उभे राहिलो तेव्हाही माझ्यासमोर.

नंतर स्टाफरूममध्ये पोह्यांची बशी हातात असताना तो आला. पायात स्लीपर, शर्ट इस्त्रीचा. रागावला नव्हता. "मॅडम, एक विचारू का? पहिल्यात यायला काय कमी पडलं?" मी शेवटाबद्दल सांगितलं. तो पटकन म्हणाला, "शेवट हाय की. कापला. दीड हजार शब्दांची अट होती न्हवं." आणि पिशवीतून फुलस्केपचे कागद काढले, टाचणी लावलेले. अकरा पानं.

मी उभ्याउभ्या शेवटचं पान उघडलं. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येते. आता मात्र वडील खाली उतरलेले आहेत, लिंबाखाली तंबाखू मळतायत. म्हणजे वजाबाकीत वडिलांचं वजन उसात गेलं. साठेक किलो. त्या साठ किलोच्या तोडणी-वाहतुकीचे येऊन येऊन किती येणार, चहा-भज्यांचे. मुलाच्या लक्षात आलेलं आहे आणि वडिलांना ते कळलेलं आहे. तो रिकाम्या गाडीचा आकडा लिहितो, पावती फाडतो, आणि पुढच्या गाडीला हाक मारतो. बस्स.

बशीतले पोहे मी तसेच ठेवले, एवढं आठवतं.

हे आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आता सांगते. मी ते पान वाचलं, टाचणी नीट केली, कागद त्याच्या हातात परत दिले आणि म्हटलं, "छान आहे. लिहीत राहा." मला साडेपाचची एसटी गाठायची होती. साडेसातलाही एक होती. ढाल अजून सभागृहात होती, शिपाई खुर्च्या उचलत होता, प्राचार्य गेटपाशी बोलत उभे होते. चाळीस पावलं. मी गेले नाही.

यावर माझ्याजवळ उत्तर आहे, आणि ते लंगडं नाही. परीक्षक समोर आलेल्या कागदाचा. पिशवीतल्या कथेला गुण कसे देणार? मग बाकीच्या चाळीस जणांच्या पिशव्यांत काय होतं, तेही बघायला नको? अट सगळ्यांना एकच. हे सगळं मी त्या एसटीत स्वतःला सांगितलं आणि उतरेपर्यंत मला ते पटलं होतं.

पण "छान आहे"च्या जागी "मी चुकीचं वाचलं" म्हणायला कुठली अट आड येत होती? तिथे माझी गाडी अडते.

त्यात आणखी एक भानगड आहे. १९७८ साली मला स्वतःला कॉलेजच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला होता. कथेत आंधळा सतारवादक होता. मी तोवर सतार जवळून पाहिलेली नव्हती. ती कथा आज माझ्यापुढे आली तर उत्तेजनार्थही देणार नाही. पण कोणा दयाळू परीक्षकानं एक शाईपेन दिलं आणि त्या जोरावर मी तीस वर्षं लिहिलं. म्हणजे मला वाईट कथेवर पेन, आणि त्याला? याच्या उलटही म्हणता येतं: त्या पेनामुळे मी पुढची कित्येक वर्षं आंधळे, पांगळे आणि सतारी लिहीत बसले, कोणी तेव्हाच कान धरला असता तर लवकर सुटले असते. दोन्ही खरं वाटतं. सकाळी एक, रात्री दुसरं.

"तो पुढे लिहितो का हो?" हा तुमचा दुसरा प्रश्न. माहीत नाही. नाव माझ्या लक्षात आहे, इथे लिहिणार नाही. दर दिवाळीत अंकांच्या अनुक्रमणिका आधी त्या नावासाठी चाळते, मग माझ्या. त्यानं लिहिणं माझ्यामुळे सोडलं, असं मानण्याइतकी मी मोठी नाही. एवढंच, की ढालीवर दर वर्षाची पितळी पट्टी ठोकतात. मागे एकदा गेले तेव्हा पाहिलं, २००८ नंतर दोन खिळ्यांची भोकं आहेत आणि मग २०१०. पट्टी बसवायला घेतली असावी आणि कोणीतरी थांबवलं असावं.

यंदाच्या कथा व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये आल्यात, त्रेसष्ट. शब्दमर्यादा अजून दीड हजारच. संयोजक मॅडमना मी फोन केला, म्हटलं, तीन हजार करा ना. त्या म्हणाल्या, "आम्ही कधीच केली असती हो. पण परीक्षक म्हणतात, एवढं वाचायला वेळ कुठे असतो."