शेमसची सव्वादोन मिनिटं

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांना भांडायला कारणं कधीच कमी पडली नाहीत. सुरुवातीचा गायक सिड बॅरेट असतानाचा बँड खरा की नंतरचा, बासवाला रॉजर वॉटर्स मोठा की गिटारवाला डेव्हिड गिल्मोर, वॉटर्स बाहेर पडल्यावर निघालेल्या अल्बमांना पिंक फ्लॉइड म्हणायचं की नाही. या वादांत माणसांचे केस पिकले. पण त्या भांडणांत आता राम राहिलेला नाही. समोरच्याचं पुढचं वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. रंगत येते ती कुणीतरी ‘शेमस’चं नाव काढलं की.

‘मेडल’ हा अल्बम 1971चा. त्याच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे ‘शेमस’. लांबी सव्वादोन मिनिटं. गिटार, पियानो, माउथ ऑर्गन, गिल्मोरचा आवाज आणि कुत्रा. कुणी तोंडाने काढलेला कुत्र्याचा आवाज नव्हे. जिवंत, चार पायांचा कुत्रा, आणि तो मधूनमधून भुंकत नाही, चक्क गळा काढतो. शब्दांत हकीकत एवढीच, की गाणारा स्वयंपाकघरात आहे, शेमस बाहेर आहे, सूर्य हळूहळू बुडतोय आणि म्हातारा कुत्रा बसून रडतोय. याला अर्थ लावायला जागाच नाही, आणि पिंक फ्लॉइडच्या चाहत्याला अर्थ लावायला मिळाला नाही की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

त्यात शेजार फार जड. हे गाणं संपलं की बाजू पालटायची आणि मग सुरू होतं ‘एकोज’. साडेतेवीस मिनिटं, पूर्ण दुसरी बाजू. बँडमधल्या कीबोर्डवाल्या रिक राइटने पियानोचा एक वरचा सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून सोडला आणि समुद्राच्या तळाशी काहीतरी ठिबकावं तसा तो ‘टुंग’ निघाला. पुढे दोनच वर्षांत ‘डार्क साइड ऑफ द मून’ करणारा बँड त्या ‘टुंग’मध्ये पहिल्यांदा स्वच्छ ऐकू येतो, असं जाणकार म्हणतात आणि ते बरोबरच आहे. आता या दाराच्या तोंडाशी कुत्रा बसवायचा?

तो कुत्राही यांचा नव्हता. शेमस होता स्टीव्ह मॅरियटचा. मॅरियट म्हणजे आधी स्मॉल फेसेस आणि मग हम्बल पाय या बँडांत गाणारा, आकाराने लहान आणि आवाजाने प्रचंड असा माणूस. तो बाहेर गेला असताना कुत्र्याला सांभाळायचं काम गिल्मोरकडे आलं. संगीत सुरू झालं की हा पठ्ठ्या सूर लावतो, हे लक्षात आल्यावर पुढे काय होणार हे सांगायला नकोच. हाताशी स्टुडिओ असलेल्या तरुण मुलांनी तसं केलं नसतं तरच नवल. आपल्याकडे पाहुण्यांचं पोर नाच करतं म्हटल्यावर टेप लावायचा राहतो का?

आमच्या कंपूत ‘शेमस’वरून सरळ दोन तट आहेत. एक मित्र, जो एरवी फार सौम्य आहे आणि हिशेब तपासून पोट भरतो, तो या गाण्याचं नाव निघालं की लाल होतो. त्याचं म्हणणं साधं: अल्बमवर जागा मोजून असते, सव्वादोन मिनिटं म्हणजे दहावा हिस्सा, आणि एका बाजूचा दहावा हिस्सा तुम्ही कुत्र्याला देता म्हणजे ऐकणाऱ्याला काय समजता? दुसरा मित्र माउथ ऑर्गन वाजवतो, बरा वाजवतो. तो म्हणतो, अरे बाबा, हा ब्लूज आहे. ब्लूज म्हणजे मुळात रडणं. आता या गाण्यात खरं कोण रडतंय ते सांग. गिल्मोर? विशीतला, केंब्रिजचा, चांगल्या घरचा मुलगा तो. त्याला कसलं दुःख? मिसिसिपीच्या शेतमजुरांचं रडगाणं इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी उचललं आणि दशकभर सगळे त्या रडण्याची नक्कल करत बसले. या एका रेकॉर्डिंगमध्ये मनापासून रडणारा एकच, आणि तो मालक घरी नाही म्हणून रडतोय.

यावर हिशेबनीसाकडे उत्तर नव्हतं. त्याने चहाला फारच साखर झाल्याची तक्रार केली.

मला या भांडणात वेगळीच गंमत दिसते. याच अल्बमवर ‘फिअरलेस’ आहे. त्यात लिव्हरपूलच्या मैदानावरच्या फुटबॉलवेड्यांचं सामूहिक गाणं जसंच्या तसं मिसळलंय. ते ऐकून अंगावर काटा आल्याचं सगळे सांगतात. ‘एकोज’च्या मधल्या भागात समुद्रपक्षी किंचाळतात. ते पक्षी नाहीत, गिल्मोरने वाह-वाह पेडलच्या वायरी उलट्या जोडून गिटारमधून काढलेला आवाज आहे तो, आणि त्यावर तर लोक तासभर बोलतील. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘ॲटम हार्ट मदर’ या अल्बममध्ये ॲलन स्टाइल्स हा त्यांचा रोडी, म्हणजे दौऱ्यावर सामानसुमान बघणारा माणूस, न्याहारी बनवतो; चरचरणारा तवा, टपकणारा नळ, सगळं मिळून तेरा मिनिटं! त्याला प्रयोग म्हणतात. आणि 1977च्या ‘ॲनिमल्स’वर ‘डॉग्ज’ नावाचं सतरा मिनिटांचं गाणं आहे, त्यात कुत्र्यांचं भुंकणं व्होकोडर नावाच्या यंत्रातून काढून वाद्यासारखं वापरलंय. आमचा हिशेबनीस ते गाणं डोळे मिटून ऐकतो.

म्हणजे गिटारने पक्ष्याचा आवाज काढला तर वा वा, कुत्र्याला यंत्रातून गाळून घेतलं तर क्या बात है, आणि कुत्र्याने कुत्र्याचा आवाज काढला की मात्र थट्टा केली म्हणून राग. यात नक्की कशाचं कौतुक होतंय, आवाजाचं की त्यामागच्या खटाटोपाचं? मला वाटतं खटाटोपाचं. ‘शेमस’मध्ये खटाटोप नाही. एखाद्या दुपारी, हसत, पहिल्याच हाताला उरकल्यासारखं ते वाटतं, आणि ज्यांना आपण देव्हाऱ्यात बसवलं ते असं काही उरकतात हे भक्ताला सोसत नाही.

तरी मी याला थोर गाणं म्हणणार नाही. माउथ ऑर्गन ठीक, पियानो मागे कुठेतरी, आणि गिल्मोर गातो तेव्हा तो हसू दाबतोय असा मला कायम संशय आहे. पण जागा अचूक आहे. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, एखादं भजन होतं, पोरं उठून पाणी पिऊन येतात आणि मग उत्तररंगाला बैठक पुन्हा सरसावते. ‘एकोज’ ऐकायला बसण्याआधी माणसाला तेवढं मोकळं सोडावंच लागतं.

आणि कॅसेटवर तर शेमस निव्वळ टाइमपास नव्हता, द्वारपाल होता. हे तरुण मंडळींना समजावून सांगावं लागतं. कॅसेटची एक बाजू जिथे संपते तिथेच दुसरी सुरू होते, फीत तीच. ‘मेडल’च्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या, तेवीस-साडेतेवीस मिनिटांच्या. ‘शेमस’च्या आधीचं ‘सॅन ट्रोपे’ संपलं, कुत्र्याला कंटाळून तुम्ही तिथेच कॅसेट काढून उलटी घातली, तर ‘एकोज’ सुरुवातीपासून लागत नसे. त्याची पहिली सव्वादोन मिनिटं गेलेली असत, म्हणजे तो ‘टुंग’ निघून गेलेला. ज्याच्यासाठी सगळा जीव टाकायचा तोच हुकायचा! फॉरवर्ड दाबून पुढे जाता यायचं, पण वॉकमनवर फॉरवर्ड म्हणजे सेलचा खुर्दा, आणि सेल खिशातल्या पैशांनी आणायचे असत. त्यामुळे मुकाट ऐकायचं. रेकॉर्डवाल्यांना पिन उचलायची सोय होती, सीडीवाल्यांना बटण होतं. कॅसेटवाल्यांनी शेमस पूर्ण ऐकला, दर वेळी ऐकला, आणि म्हणूनच त्याच्यावर सर्वांत जास्त चिडणारेही तेच आणि त्याची हरकत अन् हरकत ओळखणारेही तेच. हिशेबनीसाला विचारा, तिसऱ्या वेळी कुत्रा कुठे गळा काढतो ते तो बोट वर करून दाखवतो. न आवडणारं गाणं इतकं पाठ असणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आमच्या घरी त्या गाण्याचा एक वेगळाच श्रोता होता. माझी आई. संध्याकाळची वेळ, आतल्या खोलीत टेप चालू, आणि शेमसने सूर लावल्याबरोबर ती पोळ्या अर्ध्यावर टाकून, लाटणं हातातच घेऊन गॅलरीत गेली आणि खाली वाकून ‘हाड्, हाड्’ करून आली. खाली काही नव्हतं. “दिवेलागणीला कुत्रं रडू नये,” म्हणाली आणि पुन्हा पोळपाटाकडे वळली. ते टेपमधलं आहे हे सांगितल्यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि बसल्यावर पहिला प्रश्न आला, “कॅसेट केवढ्याला आणलीस?”

फ्लॉइडवाले मात्र या प्रकाराला लाजले नाहीत, उलट तेच पुन्हा केलं. पॉम्पेईच्या रिकाम्या रोमन अँफिथिएटरमध्ये एड्रियन मेबनने त्यांच्यावर जो चित्रपट काढला, त्यातला काही भाग नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाला. त्यात हेच गाणं ‘मादमोआझेल नॉब्स’ या नावाने येतं. शब्द गेले. गिल्मोर माउथ ऑर्गनवर, वॉटर्स गिटारवर, आणि रिक राइट एका उंच, रेशमी केसांच्या बोरझॉय कुत्रीला धरून तिच्या तोंडापुढे माइक करून बसलाय. एका प्रसिद्ध सर्कसवाल्या घराण्यातली ही नॉब्स. ‘एकोज’चे तलम सूर ज्याच्या बोटांतून आले त्या माणसाचा चेहरा या दृश्यात बघण्यासारखा आहे. इतक्या गांभीर्याने त्याने स्वतःच्या पियानोपुढेही माइक ठेवला नसेल.

तेव्हापासून वादाला नवा फाटा फुटला: शेमस चांगला की नॉब्स? माउथ ऑर्गनवाला नॉब्सच्या बाजूचा. तिचा श्वास लांब, सूर धरून ठेवते, शिवाय दिसायला देखणी. हिशेबनीसाने आधी या पातळीला उतरायला नकार दिला आणि मग बराच वेळ बोलून शेमसला मत दिलं. कारण विचारलं तर म्हणाला, निदान त्याला शब्द तरी आहेत. मी त्याला दुजोरा दिला, पण माझं कारण निराळं. नॉब्सला कॅमेऱ्यासमोर ठरवून आणलेली, पाहुणी कलाकार ती. शेमस कसा, घरातला कुत्रा.

“घरातला कसला,” माउथ ऑर्गनवाला म्हणाला, “तो तर मॅरियटचा!”